मध्येच अडखळणारे इंजिन : खडतर वाटेवरच्या गाडीतील लपलेला दोष कसा शोधावा

चढ चढताना, दगडगोट्यांतून जाताना किंवा ओढ्यातून बाहेर पडल्यावर इंजिन क्षणभर अडखळते, गाडी दोनतीन गचके खाते आणि पुढच्याच मिनिटाला जणू काही घडलेच नाही अशी सुरळीत चालू लागते. तीच गाडी गॅरेजमध्ये नेली की दोष दडी मारतो. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि गाडीत काही खोट नसल्याचे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण त्याने गाडी सपाट रस्त्यावर, कोरड्या हवेत आणि इंजिन पुरते तापण्याआधी चालवलेली असते, आणि दोष मात्र नेमका याच्या उलट परिस्थितीत डोके वर काढत असतो.

कायमचा बिघाड असेल तर कोणता भाग निकामी झाला, हा प्रश्न लगेच विचारता येतो. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात तोच प्रश्न घाईने विचारला की आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला वीज पुरवणारी कॉइल, मग इंधनाचा पंप असे भाग बदलत जाण्याचा क्रम सुरू होतो, आणि प्रत्येक बदलानंतर दोनचार दिवस गाडी योगायोगाने बरी चालल्यामुळे दोष गेल्याचा भासही होतो. म्हणून गाडी केव्हा अडखळते हे आधी पक्के करावे आणि काय बिघडले याकडे त्यानंतर वळावे. खडतर वाटेवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे 'केव्हा' बहुतेक वेळा पाच गोष्टींपैकी एकीशी जोडलेले असते: उष्णता, कल, ओल, हादरे आणि भार. यांपैकी कोणत्या गोष्टीमुळे दोष जागा होतो हे कळले की संशयितांची यादी एकदम लहान होते.

नोंद कशी ठेवावी

गाडीत एक छोटी वही ठेवावी, किंवा शेजारी बसलेल्या माणसाला फोनवर चित्रीकरण करायला सांगावे. चालकाने स्वतः गाडी चालवताना यातले काहीही करू नये. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करून किती वेळ झाला होता, तापमानाचा काटा कुठे होता, टाकीत इंधन किती होते, गाडी कोणत्या बाजूला कललेली होती, नुकतेच पाणी किंवा चिखल ओलांडला होता का, गिअर कोणता होता, पाय पेडलवर स्थिर होता की दाबला जात होता आणि झटका किती वेळ टिकला, एवढे टिपून ठेवावे. पाचसहा नोंदी जमल्या की त्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्येक नोंदीत 'टाकी पाव भरलेली' आणि 'उजवीकडे कल' असे दिसले, तर स्पार्क प्लगकडे हात नेण्याचे काही कारण उरत नाही.

झटक्याचा पोत हाही मोठा पुरावा असतो. कुणीतरी चावी बंद करून पुन्हा चालू करावी तसे इंजिन एकदम तुटले आणि एकदम परत आले, तर बहुधा विद्युत प्रवाह किंवा एखाद्या सेन्सरचा संकेत खंडित झालेला असतो. इंजिन हळूहळू दम सोडत गेले, पेडल दाबूनही ताकद आली नाही आणि पाय उचलल्यावर काही सेकंदांनी ते सावरले, तर इंधनाचा पुरवठा अपुरा पडल्याची शक्यता अधिक असते. ठरावीक लयीत एकेक ठोका चुकत असेल, ज्याला गॅरेजमध्ये 'मिसिंग' म्हणतात, तर एकाच सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर संशयित ठरतो. ही विभागणी काटेकोर नाही, पण शोधाची दिशा ठरवायला ती पुरते.

या वेळी आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवावी. गाडी गिअरमध्ये आणि क्लच जुळलेला असताना चाके इंजिनाला फिरवतच असतात, त्यामुळे खरा वेग एका क्षणात शून्यावर येऊच शकत नाही. अशा वेळी काटा सटकन खाली पडून परत वर आला, तर इंजिन फिरत होते पण त्याच्या फिरण्याची खबर पोहोचत नव्हती असा अर्थ होतो, आणि क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, फिरणे मोजणारा सेन्सर, त्याची वायर किंवा नियंत्रक संगणकाचा, म्हणजे ईसीयूचा, वीजपुरवठा तपासायला घ्यावा लागतो.

इंजिन निर्दोष असेल तर

शोध सुरू करण्याआधी काही खोटे संशयित बाजूला काढावेत. चाक घसरल्याबरोबर ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कमी करते, आणि वाळूत किंवा ओल्या दगडांवर ही काटछाट हुबेहूब इंजिन अडखळल्यासारखी जाणवते. ती प्रणाली बटणाने बंद करून त्याच जागी पुन्हा चालवून पाहिले की उत्तर मिळते. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेंशियल नसलेली गाडी घट्ट जमिनीवर फोर-व्हीलमध्ये वळवली की पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि तो सुटताना गाडी गचके खाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला, इंजिनाची ताकद तेलातून पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होताना होणारी थरथर चालकाला मिसफायर, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकल्यासारखी, वाटते. लहान ऑफ-रोड वाहनांमध्ये सीट बेल्ट लावलेला नसेल तर वेग मर्यादित करणारा स्विच किंवा वाहन फार कलंडल्यास इंजिन बंद करणारा सेन्सर असू शकतो, आणि त्याची जोडणी सैल झाली की तो विनाकारण मध्ये पडतो.

आणखी एक संशयित सांगायला थोडा संकोच वाटतो, तो म्हणजे चालकाचा पाय. लो रेंजमध्ये, म्हणजे चढासाठीच्या सावकाश पण ताकदीच्या गिअरमध्ये, पेडलचा किंचित स्पर्शही मोठा परिणाम करतो; खड्ड्यात गाडी आपटली की पाय हलतो, पाय हलला की गाडी झटका घेते आणि त्या झटक्याने पाय पुन्हा हलतो. टाच जमिनीवर घट्ट टेकवून आणि पावलाची कड बाजूच्या भिंतीला लावून तोच रस्ता पार केल्यावर झटके थांबले, तर पुढचे सगळे वाचण्याची गरज नाही.

स्कॅनरचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून पाहावा, कारण दिवा न लागता साठलेले प्रलंबित कोडही असतात. मिळालेले कोड आणि त्यांच्यासोबत जतन झालेली त्या क्षणाची आकडेवारी, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आधी लिहून घ्यावी आणि मगच काही पुसावे. बॅटरीची तार काढली की ही माहिती बहुतेक गाड्यांत नाहीशी होते, म्हणून उत्साहाच्या भरात ती काढू नये. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचून त्याला जाळण्याइतका मिसफायर होत आहे असे समजून इंजिनावरचा भार लगेच कमी करावा.

पी०३०० हा कोड सिलिंडर बदलत जाणारा मिसफायर दाखवतो, तर पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक सांगतो. दोष एकाच सिलिंडरशी बांधलेला असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पुन्हा तीच परिस्थिती घडवावी. कोडचा अंक कॉइलसोबत सरकला तर कॉइल दोषी, आणि जागेवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करावी व त्यानंतर इंजेक्टरकडे वळावे. ही चाचणी एक पैसाही न खर्चता होते, तरीही ती टाळून नवी कॉइल विकत घेतली जाते याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पी०१७१ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडल्याचे सांगतो आणि पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या परिपथाकडे बोट दाखवतो. मात्र कोड परिपथाचे नाव घेतो, भागाचे नाही. पी०३३५ दिसला म्हणून सेन्सरच खराब आहे असे ठरत नाही, त्याची घासलेली वायरही तोच कोड उमटवते.

पेट्रोल इंजिनात फ्युएल ट्रिमचे आकडे विशेष बोलके असतात. ईसीयू मोजमापाच्या आधारे इंधन किती वाढवत किंवा कमी करत आहे ते या टक्केवारीत दिसते, आणि निरोगी इंजिनात हे आकडे साधारणपणे उणे १० ते अधिक १० च्या आत राहतात. आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, अधिक २० च्या आसपास असलेला आकडा रेस वाढवल्यावर खाली येत असेल तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कुठेतरी फुकटची हवा शिरत असते. उलट आयडलिंगला ठीक असलेला आकडा भार वाढल्यावर चढत गेला, तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे पाहावे.

वायरिंग, अर्थिंग आणि कपलर

माझ्या मते खडतर वाटेवर चालणाऱ्या गाडीत सर्वाधिक वेळ याच ठिकाणी द्यायला हवा. रस्त्यावरच्या गाडीत वायरी जोडणारे जे कपलर दहा वर्षे कुणी उघडत नाही, ते इथे चिखलात भिजते, उन्हात तापते, धुण्याच्या दाबाखाली पाणी पिते आणि दिवसभर थरथरते. पितळेच्या किंवा कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना एकमेकींवर सूक्ष्म घासत राहिल्या की त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो; बाहेरून कपलर अगदी नवे दिसते, पण आतला संपर्क हादरा बसेपर्यंतच टिकतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण भारित बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत. त्यानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण ध्रुवाकडे प्रवाह परत नेणारी जोडणी, तपासावे, आणि ते रोध मोजून नव्हे तर व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे प्रवाह वाहत असताना दोन टोकांमधला व्होल्टचा फरक, मोजून तपासावे, कारण दहा धाग्यांपैकी नऊ तुटलेली वायरसुद्धा रोधाच्या चाचणीत उत्तीर्ण होते, भार आल्यावर मात्र कोलमडते. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर सुरू करावा, मल्टिमीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण ध्रुवावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी. ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून, तिचा पाया चकचकीत घासून पुन्हा घट्ट बसवावी. हीच मोजणी इंजिन आणि बॉडी, बॉडी आणि चेसिस यांच्यामध्येही करावी. गाडीची बॉडी उंच केलेली असेल तर मूळ लांबीची अर्थिंग पट्टी आणि वायरिंगचा जुडगा आता ताणलेला असतो. सपाट जमिनीवर तो कसाबसा पुरतो आणि चेसिसला पीळ पडला की ओढला जातो.

नंतर बसवलेली सामग्री हा तपासाचा स्वतंत्र विषय आहे. विंच, जादा दिवे, कॉम्प्रेसर, रेडिओ या प्रत्येकाची वायर कुठून घेतली आहे आणि तिचा अर्थ कुठे जोडला आहे ते शोधून पाहावे. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या अर्थिंगच्या बोल्टखालीच दिव्यांच्या तारा कोंबलेल्या आढळतात, आणि मग दिवे लावल्यावरच इंजिन अडखळते हे कोडे उलगडते. विंच ओढत असताना शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो, तेव्हा इंजिन दबणे काही प्रमाणात स्वाभाविक असते. विंच थांबल्यावरही झटके येत राहिले तरच तो दोष मानावा.

आता हलवून पाहण्याची चाचणी. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर लावलेला आणि इंजिन आयडलिंगवर असताना, फिरते पंखे व पट्टे यांपासून बाही आणि केस दूर ठेवून, वायरिंगचा जुडगा एकेका ठिकाणी हळूच हलवावा, वाकवावा, ओढावा, आणि दुसऱ्या माणसाने स्कॅनरवरील थेट आकडे पाहत राहावे. कपलरवर बोटाने टिचक्या माराव्यात. एखादा आकडा उडी मारतो किंवा इंजिनाचा सूर बदलतो ती जागा खडूने खूण करून ठेवावी. दुरुस्त करायची घाई न करता संपूर्ण जुडगा याच पद्धतीने पुरा करावा, कारण जिथे एक जागा घासलेली असते तिथे दुसरीही असू शकते. जुडगा जिथे इंजिनाच्या मागून, ब्रॅकेटच्या धारेवरून, एक्झॉस्टच्या जवळून किंवा इंजिन आणि चालकाचा कक्ष यांच्यामधल्या फायरवॉलच्या छिद्रातून जातो त्या जागा आधी पाहाव्यात.

एका गाडीच्या मागे मी तीन आठवडे होतो. ती फक्त लो रेंजमध्ये, उभ्या चढावर आणि तेही पहिल्या गिअरमध्येच तुटायची, म्हणून इंधन पुढेमागे होत असावे अशी खात्री धरून मी फिल्टर बदलला आणि मग पंपही बदलला. प्रत्यक्षात इंजिन जागेवर धरून ठेवणारा एक रबरी माउंट फाटलेला होता. जोर आला की इंजिन एका बाजूला उचलले जायचे आणि त्याच्यामागून जाणारी क्रँक सेन्सरची वायर ब्रॅकेटवर टेकायची, जिथे तिचे आवरण नखाएवढ्या जागी घासून गेले होते. चढाचा संबंध इंधनाशी नव्हता, टॉर्कशी, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराशी, होता. तेव्हापासून कल आणि भार ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो: त्याच उतारावर गाडी उलट्या तोंडाने, रिव्हर्समध्ये चढवून पाहतो. टाकीतले इंधन विरुद्ध बाजूला गेले आणि तरीही झटके आले, तर इंधन हे कारण मागे पडते. जागा मोकळी, सुरक्षित आणि मागे पाहायला माणूस असेल तेव्हाच हे करावे.

घासलेली वायर सापडली की तिच्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये. तांब्याचा रंग हिरवट किंवा काळा झालेला असेल तर चकाकणारा धागा लागेपर्यंत ती मागे कापत जावी, जोड पक्का दाबून किंवा डाख देऊन करावा, त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि जुडगा धारेपासून दूर क्लिपने बांधावा. कपलर सुकवून, संपर्कासाठीच्या क्लीनरने धुवावे, पिनांची पकड सैल वाटली तर ती घट्ट करावी आणि रबरी सील फाटलेला असेल तर बदलावा.

ओल आणि ठिणगी

पाणी ओलांडल्यावर पाचदहा मिनिटांनी सुरू होऊन पुढे अर्ध्या तासात आपोआप थांबणारे झटके बहुधा ठिणगीच्या बाजूचे असतात. प्लगच्या विहिरीत साचलेले पाणी, कॉइलच्या रबरी टोपीतली बारीक चीर किंवा जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली ओल ठिणगीला इंजिनाच्या धातूकडे जाणारी आडवाट काढून देते. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का ते पाहावे. ती रेघ म्हणजे ठिणगीने पाडलेली पायवाट असते, आणि ती पुसूनही निघत नसल्याने प्लग व टोपी दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या कॉइल आणि हाय-टेन्शन वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा हलका तुषार मारला तर गळणारी ठिणगी निळसर चमकताना दिसते. ही वीज हजारो व्होल्टची असते, म्हणून चालू इंजिनाच्या वायरी हाताने उपटण्याची जुनी सवय सोडून द्यावी. प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ठेवावी. झिजून वाढलेली फट आयडलिंगला चालून जाते आणि भार आला की ठिणगी विझते.

इंधन

टाकीपासून सुरुवात करावी, आणि तीही टाकीच्या झाकणापासून. इंधन खर्च होते तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. तो श्वासमार्ग चिखलाने बुजला की टाकीत निर्वात होतो आणि पंपाला इंधन खेचणे जड जाते. अडखळणे सुरू झाल्याबरोबर सुरक्षित जागी थांबून झाकण उघडावे. सुस्कारा टाकल्यासारखा जोरात आवाज आला आणि नंतर गाडी बराच वेळ नीट चालली, तर श्वासनळी साफ करावी. याउलट इंधन भरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच इंजिन गडबडत असेल, तर टाकीतली वाफ इनटेककडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता असते.

कलाशी जोडलेला दोष टाकी जवळजवळ रिकामी असताना दिसतो आणि भरल्यावर नाहीसा होतो. टाकीत पंपाभोवती इंधन धरून ठेवणारे एक छोटे भांडे असते. त्याला तडा गेला किंवा ते पुरते भरले जात नसेल तर उतारावर पंपाला हवा मिळते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हीच अडचण पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या फ्लोटच्या वाटीत उद्भवते, कारण तीव्र कलामुळे फ्लोट एकतर सुई लवकर बंद करतो किंवा पेट्रोल ओसंडू देतो. अशा इंजिनाच्या वाटीची श्वासनळी पाण्यात बुडाली किंवा चिखलाने भरली तरी इंजिन गुदमरते, ही गोष्ट लहान वाहनांच्या बाबतीत सर्रास विसरली जाते.

दाब मोजल्याशिवाय पंपाला दोष देऊ नये. इनटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या बऱ्याच इंजिनांत हा दाब ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. महत्त्वाचे हे की मोजणी झटका येत असताना व्हायला हवी. उभ्या गाडीत मिळालेला उत्तम दाब चढावरच्या दाबाबद्दल काहीच सांगत नाही. दाबमापकाची नळी मात्र चालकाच्या कक्षात कधीही आणू नये. पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा संशय असेल तर नमुना काचेच्या बाटलीत घेऊन शांत ठेवावा; इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी पोटात घेते आणि प्रमाण वाढल्यावर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे शोध लवकर आटोक्यात येतो. फिल्टरखालच्या सेपरेटरमधले पाणी आधी काढावे. त्यानंतर लाइन एअर घेते का ते पाहावे; पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला इंधनाला चालेल अशी पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की सतत येणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात, स्कॅनरवर रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारीशेजारी ठेवावेत. झटक्याच्या क्षणी प्रत्यक्ष दाब खाली राहिला तर पुरवठा, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह किंवा गळके इंजेक्टर यांचा विचार करावा. या रेलमध्ये हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धारही कातडी भेदून आत जाते, म्हणून चालू इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या सैल करणे किंवा गळती हाताने चाचपणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

हवा, उष्णता आणि उरलेले

एअर फिल्टर धुळीने बुजला तर ताकद सर्वकाळ कमी होते, पण तो ओला झाला तर दोष येतो आणि वाळल्यावर जातो, म्हणून फिल्टरच्या घराच्या तळाशी पाणी किंवा चिखलाचा डाग आहे का ते पाहावे. तेल लावायचा फिल्टर असेल तर जास्तीचे तेल हवामापक सेन्सरच्या तारेवर बसते; ती तार त्याच कामासाठी असलेल्या क्लीनरनेच धुवावी, कापसाने पुसू नये. टर्बोच्या नळीतली चीर दाब आल्यावरच उघडते आणि तिच्याभोवती तेलकट ओलावा व धूळ चिकटलेली असते.

उष्णतेशी जोडलेल्या दोषात क्रँक सेन्सर आणि कॉइल हे नेहमीचे संशयित असतात. आतल्या बारीक तारेत सूक्ष्म तडा असला की तापल्यावर तो रुंदावतो, इंजिन बंद पडते आणि वीस मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर सेन्सरवर गार पाणी किंवा थंड करणारा फवारा मारून इंजिन लगेच सुरू झाले तर निदान जवळजवळ पक्के होते. पाणी मारताना तापलेल्या एक्झॉस्टवर ते उडू देऊ नये. सेन्सर काढलाच तर त्याच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलेला आहे का ते पाहावे, कारण चुंबकीय टोकावरचा कीसही संकेत बिघडवतो. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजून पुस्तिकेशी ताडता येतो. हॉल पद्धतीच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक परिपथ असलेल्या, सेन्सरला ही चाचणी लागू होत नाही.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची, पाळी शेवटी येते. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर आतला बिघाड संभवतो, आणि टॅपेट जुळवावे लागणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची फट झिजेने कमी झाली असेल तर तापल्यावरच कॉम्प्रेशन गळते. कूलंट आपोआप कमी होत असेल तर इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या हेड गॅस्केटची तपासणी लांबणीवर टाकू नये.

दुरुस्ती पक्की झाली का

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिची तारीख व किलोमीटरचा आकडा त्याच वहीत लिहावा. त्यानंतर नोंदींतली परिस्थिती मुद्दाम पुन्हा घडवावी: तोच चढ, तेवढेच इंधन, तेवढेच तापलेले इंजिन, तेच ओले कपलर. आधी सरासरी दर दोन तासांनी झटका येत असेल, तर एक तास नीट चालणे हा पुरावा होत नाही. किमान पाचसहा पट वेळ त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. शक्य असेल तर उलट चाचणीही करावी, म्हणजे काढलेली कॉइल किंवा सेन्सर गॅरेजजवळच परत लावून दोष परततो का ते पाहावे. परतला तर जुना भाग खूण करून टाकून द्यावा. परतला नाही, तर तो भाग निर्दोष होता आणि तो काढता-घालताना हललेल्या कपलरमध्येच दोष होता असे मानून त्याच्या पिना भिंगाखाली तपासाव्यात आणि चांगला ठरलेला जुना भाग लांबच्या फेरीसाठी गाडीतच ठेवावा.